नावाआधी टिंब

प्रिय ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून आधी तू हसशील आणि मग घाबरशील, हे मला माहीत आहे. दोन बसथांबे सोडून राहणारा भाऊ पत्र कशाला लिहितो, असं तुला वाटेल. रविवारपासून मी तुला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तू सामानाचंच बोललीस. कपाट कोणाला द्यायचं, शिवणाचं मशीन न्यायचं की इथेच ठेवायचं. मी हो हो करत फोन ठेवला. पत्रात निदान तुला मध्येच बोलता येत नाही. बालवाडीत सव्वीस वर्षं काढलेल्या बाईसमोर तोंड उघडलं की माणूस आपोआप चार वर्षांचा होतो आणि चार वर्षांचा असताना तर मी तुझ्यापुढे खोटंच जास्त बोलायचो. शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या तर लाल पेनाने खुशाल गोल कर. पण शेवटपर्यंत वाच, एवढंच मागणं आहे.

माझं तसं ठीक चाललंय. कंबर अधूनमधून आपलं अस्तित्व दाखवते. ऑफिसात चार नवीन माणसं आलीत. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शिकवण्यांच्या साइट बनवायच्या आणि चालू करून द्यायच्या, हे आमचं काम तुला ठाऊकच आहे. नव्या माणसाला मी पहिल्याच दिवशी एक गोष्ट बजावतो. साइट चढवून झाली की शेजारच्या दुकानात जा, ज्याने आपली साइट कधीच बघितलेली नाही अशा कोणाचा तरी फोन माग आणि आतल्या एखाद्या पानाचा पत्ता थेट त्यात टाकून बघ. स्वतःच्या फोनवर उघडलं म्हणून नाचू नकोस. मी हे इतक्यांदा बोलतो की माझ्या मागे मला ‘दुसऱ्या फोनवाले काका’ म्हणतात. म्हणू देत. या हट्टापायी एकदा मी पाववाल्याला हात पुसायला लावून त्याचा फोन मागून घेतला होता. हा हट्ट कुठून आला, ते मी कोणाला सांगितलेलं नाही. तुलाही नाही.

रविवारी तू भाऊजींच्या चष्म्याचं घर माझ्या हातात ठेवलंस आणि म्हणालीस, “त्यांचं साइटवरचं पान आता काढून टाक. तीन वर्षं झाली. कोणी बघितलंसुद्धा नाही. माणसं मेलीत सगळी.” तू रडली असतीस तर बरं झालं असतं. तू भाजी निवडावी तसं सांगत होतीस. मग म्हणालीस, “तू एकटा होतास म्हणून तगले रे मी.” मी चहा अर्धा टाकून उठलो आणि कामाचं निमित्त सांगितलं. काम काही नव्हतं. जिन्यात बसून होतो. गुरुवारी तू ते घर सोडून मैत्रिणीकडे दुसऱ्या गावाला जाणार. भाऊजी परत आले तर दार उघडं हवं म्हणून तीन वर्षं ज्या घराला तू दिवसा कडी लावली नाहीस, त्याला आता कुलूप लागणार. आणि पान मी अजून काढलेलं नाही.

भाऊजींचं एक सांगतो, तुला माहीत असलेलंच. एवढ्या मोठ्या रुग्णालयात चौकशीच्या खिडकीवर एकतीस वर्षं बसले, पण “इथे असं काही नाही” हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी गेलं नाही. कोणी भलत्याच डॉक्टरचं नाव विचारो, कोणी दुसऱ्याच रुग्णालयाचा कागद घेऊन येवो, हे म्हणायचे, “आधी आत या, बसा, मग बघू.” तुमच्या लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांच्याकडे डबा पोचवायला गेलो आणि चुकून मागच्या दाराने शिरलो. तिथल्या रखवालदाराने मला हाकललं, तेव्हा हेच मला आत घेऊन गेले. म्हणाले, “बारक्या, बाहेरून आलेल्याला आतली रचना कशी माहीत असणार? पत्ता चुकला म्हणून माणूस चुकत नाही.” मी मनात म्हटलं, आला मोठा संत. पुढे त्यांचीच आठवण विरत गेली, तेव्हाही हे वाक्य टिकलं होतं. दाराची बेल वाजली की कोण आलंय ते कळायचं नाही, पण आधी आत या म्हणायचे. आठवतं, मीटर बघायला आलेला माणूस तासभर बसून गेला होता.

ते घरातून न सांगता निघून गेले त्यानंतरचे पहिले तीन दिवस तू ते हरवल्याचे, हाताने लिहिलेले कागद चिकटवत फिरलीस. खाली तुझा फोन नंबर. दिवसाला वीस वीस फोन यायचे आणि त्यातले अठरा रिकामटेकड्यांचे. तो एक मेला आठवतो ना, “तुमचा नवरा माझ्याकडे आहे, गाणं म्हणतोय” म्हणून खिदळणारा? त्या दिवशी तू जेवली नाहीस. तेव्हा मी पुढे झालो. नंबर काढून टाकू, मी साइट करतो, कागदावर फक्त एक चौकोनी कोड छापू. ज्याने भाऊजींना बघितलं असेल तो फोन कोडसमोर धरेल, त्यांचं पान उघडेल, त्यावर फोटो, खुणा आणि कळवायची जागा. निरोप माझ्याकडे येतील, टवाळ मी गाळीन. छपाईवाल्याने विचारलं होतं, “पोलीस चौकीचा नंबर तरी टाकू का?” मी म्हटलं, नको, कागदावर गर्दी होते, पान आहे ना. माझंच वाक्य आहे हे. तो त्याच्या फोनमध्ये टिपून घेत होता, त्याने खोडलं.

आता थोडं माझ्या धंद्यातलं सांगावं लागेल, कंटाळू नकोस. आजकाल आम्ही ज्या साइट बांधतो त्यात खरं म्हणजे एकच पान असतं. तू आत शिरलीस की पुढची सगळी पानं तुझ्या फोनमध्येच तयार होतात आणि वरचा पत्ता फक्त बदलल्यासारखा दिसतो. भाऊजींचं पान, खुणांचं पान, कळवायचं पान, यातलं एकही तिकडच्या मोठ्या मशीनवर, म्हणजे सर्व्हरवर, वेगळं ठेवलेलं नसतं. पुढच्या दाराने, म्हणजे पहिल्या पानावरून आलेल्याला हे कळतही नाही. पण कोणी आतल्या पानाचा पत्ता घेऊन थेट आला, तर सर्व्हर आपल्या कपाटात बघतो, त्या नावाचा कागद नसतो, आणि तो सांगतो, पान सापडलं नाही. म्हणून त्याला एक सूचना लिहून द्यायची असते. कोणी काहीही मागो, नाही म्हणू नकोस, पहिलं पान दे, पुढचं ते पान बघून घेईल. भाऊजींचंच वाक्य, ताई. आधी आत या, मग बघू. एका ओळीचं काम आहे, आणि ते मी तोपर्यंत निदान चाळीस साइटवर केलं होतं.

ती सूचना मी लिहिली होती, हे देवाशपथ सांगतो. ती ज्या फाईलमध्ये असते तिच्या नावाआधी एक टिंब असतं. नावाआधी टिंब असलं की फाईल लपलेली राहते, फोल्डर उघडलं तरी दिसत नाही. ऑफिसातून साइट चढवली की सगळं आपोआप जातं, लपलेलंसुद्धा. त्या दिवशी मी तुझ्या जेवणाच्या टेबलावर बसलो होतो. तू समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होतीस. तुला लवकर काहीतरी दाखवायचं म्हणून मी डोळ्यांना दिसत होतं तेवढं निवडलं, हाताने ओढून तिकडे टाकलं आणि म्हटलं, झालं. टिंबवाली फाईल मागेच राहिली. आणि कागदावरच्या कोडमध्ये तर थेट आतल्या पानाचाच पत्ता होता.

मग कोड तपासला नाही का, असं विचारशील. तपासला की. माझ्या फोनवर उघडलं, तुझ्या फोनवर उघडलं, तू स्क्रीनवरच्या त्यांच्या गालावरून बोट फिरवलंस. त्यातही माझी हुशारीच आडवी आली. मी ती साइट अशी बांधली होती की एकदा पुढच्या दाराने आत आलेला फोन तिची प्रत स्वतःकडेच ठेवतो, म्हणजे नेटवर्क नसलं तरी ती उघडते. आपल्या दोघांच्या फोनवर मी पुढच्या दारानेच आधी सगळी फिरून दाखवली होती. त्यामुळे आपल्याला सर्व्हरकडे विचारावंच लागलं नाही. ओळखीच्यांना ती साइट उघडत होती आणि अनोळख्यांना नाही. कागद तर आपण अनोळख्यांसाठीच लावले होते. ऑफिसात चूक दुसऱ्याची निघाली की मी नाकाने कांदे सोलायचो, आणि घरचं काम असं केलं.

अकरा दिवस, ताई. अकरा दिवस आपण दोघं तुझ्या टेबलावर निरोपाची वाट बघत बसलो. तू दर तासाला विचारायचीस, आणि मी म्हणायचो, अजून नाही. बाराव्या दिवशी आणखी कागद छापायला मी गेलो, तर छपाईवाला म्हणाला, “आता कशाला? सापडले ना ते?” मी म्हटलं, कोण म्हणालं? तर म्हणाला, “मी चार दिवसांमागे सहज बघितलं, पान नाही असं आलं. मला वाटलं, सापडले म्हणून तुम्ही काढून टाकलंत. बरं वाटलं मला.” मी त्याच्या हातातून फोन जवळजवळ ओढूनच घेतला. भाऊजींच्या पानाचा पत्ता वर तसाच होता आणि खाली लिहिलं होतं, आपण शोधत असलेलं पान सापडलं नाही. त्याच्याच स्टुलावर बसून मी ती फाईल चढवली. चार मिनिटं लागली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

तू तेव्हा मला विचारलंस, कागद का आणले नाहीत? मी म्हटलं, मशीन बंद होतं. पहिलं खोटं ते. मग मी सर्व्हरची नोंदवही उघडली. कोणी कधी काय मागितलं आणि त्याला काय मिळालं, याची ओळ तिथे राहते. तू म्हणतेस कोणी बघितलं नाही. अकरा दिवसांत नव्वदहून जास्त फोनांनी भाऊजींचं पान मागितलं होतं. प्रत्येक ओळीच्या शेवटी तोच नकार. दोन शाळांजवळचे, बाजारातले, तुझ्या गल्लीतले. तुझा शिंपी, ज्याच्याशी तू तीन वर्षं बोलत नाहीस, त्याच्या दुकानावरच्या कागदाचे सहा. कोणत्या भिंतीवरून कोणी आलं ते कळावं म्हणून प्रत्येक कोडमध्ये मी बारीकशी खूण ठेवली होती. तेवढं मात्र चोख केलं होतं. पत्त्यातला शेवटचा शब्द खोडून बघितला असता तर पुढचं दार उघडलं असतं, पण असं कोण करतं? आमच्या धंद्यातली माणसंच करतात. बाकीची माणसं भली असतात, त्यांना वाटतं आता गरज उरली नाही.

त्यात एकाच फोनच्या सात ओळी होत्या. कागद लावल्यापासून चौथ्या दिवशी दुपारी, चाराला दहा कमी असताना, लागोपाठ तीन. सहाव्या दिवशी चार वाजून गेल्यावर चार. खूण होती शेवटच्या बसथांब्याची. तो कागद मीच चिकटवला होता, तेव्हा तिथलं बाक रिकामं होतं. त्याच दुपारी मी तिथे गेलो. तुझ्या घरापासून चाळीस मिनिटं. तिकिटाच्या खिडकीतल्या माणसाला फोटो दाखवला तर तो म्हणाला, “होते की! तीन-चार दिवस याच बाकावर. लोक मला सोडून त्यांनाच बसची वेळ विचारायचे, आणि हे सगळ्यांना म्हणायचे, आधी बसा, मग बघू.” स्वेटर विचारला, तर त्याने आपलं कोपर दाखवलं आणि म्हणाला, इथे हिरवं होतं. राखाडी लोकर संपली म्हणून तू हिरवी लावली होतीस ना, आणि ते सगळ्यांना दाखवत फिरायचे की मला सिग्नल मिळालाय.

समोरच्या नव्या इमारतीत फरशा पुसायला येणारी एक बाई त्यांना रोज पाव आणि चहा द्यायची. तिने कागद बघितला होता, आणि तिचाच तो फोन. दोन दिवस खटपट केली तिने. खिडकीवाल्याला म्हणाली, चेहरा तर तोच वाटतो, पण त्यांचं पान काढलंय, म्हणजे ते सापडलेत. मग हे दुसरेच कोणीतरी असणार. तिचं काही चुकलं का, सांग. मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं. सातव्या दिवशी तिने त्यांना विचारलं, बाबा, कुठे जायचंय? भाऊजींनी आपल्या जन्मगावाचं नाव सांगितलं. तिने त्यांना त्या बसमध्ये खिडकीशी बसवून दिलं, वाटेत खायला पुडी दिली आणि चालकाला सांभाळून न्या म्हणून सांगितलं. त्या माउलीने त्यांना घरी पाठवलं, तिच्या परीने.

चालकही भेटला. तीन तासांवर बस चहाला थांबते, तिथे ते उतरले आणि परत चढले नाहीत. त्याला वाटलं, कोणीतरी घ्यायला आलं असेल. पुढे काही नाही. त्या थांब्याच्या आसपासची प्रत्येक टपरी, दवाखाना, शेड मी पालथी घातली. मी चौकीत सगळं सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. चौकीतले फोन माझ्याकडेच येतील अशी व्यवस्था मीच केली होती, म्हणून तुला कधी कळलं नाही. बाहेरगावी काम आहे म्हणून जे मी नऊदा गेलो, ते तिथेच. तू प्रत्येक वेळी डबा दिलास. त्या बाईलाही शोधलं. मुकादम म्हणाला, रोजाच्या बायका, नावं कोण लिहितं? काम संपलं, गेल्या. आशा आहे असं मी तुला लिहीत नाहीये, ताई. मला ती दिसत नाही. स्वेटर घालून निघालेला माणूस आहे, त्यानंतर तीन पावसाळे आणि तीन हिवाळे गेलेत.

तुला तेव्हाच सांगितलं असतं तर निदान त्या थांब्यावर आपण दोघं गेलो असतो. तू त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखतेस. उतरल्यावर ते कुठल्या बाजूला वळतील, हे तुला कदाचित कळलं असतं. या वाक्याशी येऊन मी रोज थांबतो. पण ते बसमध्ये बसले हे सांगायचं, तर कसं कळलं ते सांगावं लागलं असतं, आणि तू मला जे समजत होतीस ते मी राहिलो नसतो. मला तेवढंच राखायचं होतं. भित्रा होतो, दुसरं काही नाही. म्हणून तू विचारायचीस तेव्हा मी म्हणायचो, एकही निरोप नाही. ते खरंही होतं. त्या खरेपणावर मी तीन वर्षं जगलो आणि तू माणसांवरचा विश्वास उडवून बसलीस. ज्यांच्या पोरांची नाकं पुसली त्यांनीही ढुंकून बघितलं नाही, म्हणून तू बालवाडी सोडलीस. मी समोर बसून ऐकत होतो, मान हलवत होतो.

म्हणून हे लिहिलं. माफी मागायला नाही, ती मागायची माझी लायकी नाही आणि तू घाईने देऊन टाकशील याचीच भीती वाटते. गुरुवारी तू ही गल्ली सोडशील ती इथली माणसं मेली असं समजून, आणि एक भाऊ तेवढा चांगला होता असं समजून. दोन्ही उलटं आहे. माणसं आली होती, ताई. नव्वद जण आले होते, त्यांना परत पाठवलं ते मी. नोंदवहीतली ती सगळी पानं सोबत जोडली आहेत. शिंप्याच्या सहा ओळींखाली मी रेघ मारली आहे, जाण्याआधी त्याच्याशी एकदा बोल. त्या बाईच्या सात ओळी शेवटच्या पानावर आहेत. पान मी काढणार नाही, तू सांगितलंस तरी. माझं पत्र वाचून झालं की फाडून टाक, पण तिच्या सात ओळी तेवढ्या चष्म्याच्या घरात ठेव, ते मी परत पाठवतोय. शेवटची ओळ चार वाजून बारा मिनिटांची आहे. त्या वेळी ती भिंतीशी फोन धरून उभी होती आणि भाऊजी मागे बाकावर बसले होते. गुरुवारी सामान उचलायला मी सकाळी आठला खाली उभा असेन. तू वर बोलावलं नाहीस, तर खालूनच उचलीन.

तुझाच,
बारक्या